सरकीच्या ढिगातला हात

बाबा, तुमाले जाऊन चाळीस वर्सं होत आली, दादाही गेला, पण त्याच्यावरचा माहा जळफळाट काही निवला नाई. परवा तं पुन्हा भडकला, म्हणून लिवाले बसले.

माह्या पाटल्या मोडून पोरानं अन् मी कारंज्याच्या रस्त्याले सरकीचं गोदाम टाकलं हाये. हे गेलं तं मोडाले दुसरं काही उरलं नाई, अन् नातवंडांचं खाणं याच्यावरच हाये. म्हणून पोरानं अकोल्याहून विम्याचा एजंट बोलावला. तो खाटेवर बसून चहा पीत यादी वाचून राह्यला: इमारतीचा विमा, मालाचा विमा, चोरीचा विमा. "आजीबाई, सगळंच घ्या अन् निर्धास्त राहा." मी म्हटलं, "बाबू, टिनं काही जळत नाई, अन् चोर काही सरकी चघळत नाई. मालाचं सांग. आग भाईरून आली तं तू देशीन. आतून आली तं?" त्यानं कप खाली ठेवला. म्हणे, ओला माल आपोआप पेटला तर कंपनी देत नाही, त्याचं कलम वेगळं, हप्ता वेगळा. पोरगा म्हणे, "माय, आपला माल सुका हाये. कायले फुकटचा खर्च?" मी म्हटलं, "इमारत काट, चोरी काट. माल ठेव अन् हे कलम टाक." एजंट म्हणे, "आजीबाई, हे कुठं शिकलात?" तं पोरगा कसा छाती फुगवून सांगते, "आमच्या घराण्यातच हाये ते. माह्या मामाचा हात होता ना, सरकीत घातला की ढिगाच्या पोटातलं सांगे!"

मामाचा हात! तोंडातला चहा कडू झाला माह्या.

तवा आपल्या गोदामात रोज सकाळी तुमी दादाले म्हणायचे, "घाल रे हात." ओली सरकी पोटात तापते, वरून काही समजत नाई. दादाले सरकी टोचे, म्हणून तो मनगटापर्यंतच घाले अन् म्हणे, "थंड हाये." तुमी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. मी दारात उभी. लग्न झालेलं, सासरी धाडाची बाकी. एक दिवस मी बांगड्या उतरवल्या अन् खांद्यापर्यंत हात घातला. नेमके तुमी आले. "नवरा जिता असताना हात रिकामे करते, कारटे?" गूळ राह्यला बाजूले, मायचा धपाटा तेवढा भेटला. मंग तुमी नसले की मी बांगड्यांसकट घालाले लागले. काच अडके, पण हात जाये.

त्याच साली चार गाड्या माल वाटेत भिजून आला. दादानं हात घातला, "थंड हाये" म्हटलं, गूळ खाल्ला. तिसऱ्या दिवशी छपराच्या कवेलूतून धूर निघाला. सांजेपर्यंत भिंती तेवढ्या उभ्या होत्या. अन् तुमी दादाले पोटाशी धरून म्हणता, "पोराचा काय दोष? नशीब आपलं." एक चापट नाई. एक शब्द नाई. मंग मरेपर्यंत तुमी दुसऱ्याच्या गोदामात मापं भरत राह्यले.

एजंटच्या कागदावर एक रकाना होता, माल रोज कोण तपासते. पोरगा स्वतःचं नाव लिवून राह्यला होता. मी म्हटलं, "माहं लिव." आता हात रिकामेच हायेत बाबा, कोणाची बोलणी नाईत. रोज सकाळी खांद्यापर्यंत घालते. गूळ कोणी देत नाई, माहा मीच खाते.

त्याच्या खाली दुसरा रकाना: घराण्यात पहिले कधी आग लागली काय, अन् कशानं. पोरानं लिवलं, आजोबाच्या गोदामाले. कारण माहीत नाई. मी वाचून घेतलं अन् मोडक्या अक्षरात सही ठोकली.

हा कागद धाडणार तरी कुठं, लुगड्यांच्या खाली पडून राहीन. पण तो रकाना खोटा हाये. दादानं थंड म्हटलं, त्या दुपारी माहा हात कोपराच्या वर आत होता. सरकी तव्यावानी तापली होती. मी बांगड्यांवरची रुई झटकली, भाईर आले, अन् दादाले कवा मार बसते याची तीन दिवस वाट पाहात बसले.