देन्झोची सही

३ मे १९११
आज देन्झोला चार तास पावसात सायकलवर पिटाळलं. "ताई, रस्त्याचा नुसता चिखल झालाय." म्हटलं, शर्यतीच्या दिवशी काय सतरंजी अंथरणार आहेत? गेला मुकाट. परत आला तेव्हा तोंडाचे फक्त डोळे दिसत होते.
आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा. भाऊ कसला, पोरच माझं. आता चोवीस. बाप विटांच्या भट्टीवर खोकत खोकत गेला. हा जाणार नाही तिकडे. मी ठरवलंय.

८ मे
मिलानहून सायकल कंपनीचे त्राबात्तोनीसाहेब आले. टोपीसुद्धा काढली नाही घरात! म्हणाले, "रविवारी पहिल्या पाचांत आला, तर कंपनीची जर्सी, पगार, दोन सायकली. नाहीतर आहे तसाच एकटा."
आतापर्यंत एकटाच पळतोय. टायर फुटला तर रस्त्यात बसून स्वतः शिवायचा. भूक लागली तर खिशातली कच्ची अंडी फोडायची.
मी म्हटलं, "पाचांत? तिसरा येईल, लिहून घ्या." देन्झो आपल्या बुटांकडे बघत होता. लाजाळू आहे.

१३ मे
उद्या! तुरिन ते मिलान, आणि वाटेतली तपासणी आमच्याच गावात, घेम्मेच्या चौकात. खाणावळीपुढे टेबल मांडलंय. प्रत्येकानं उतरायचं, वहीत स्वतःच्या हातानं सही करायची, मग पुढं. मधेच कोणी आगगाडीत बसला तर कळावं म्हणून. पेन्सिल सुतळीनं बांधून ठेवलीय – लोक पळवतात!
तुरिनला निघताना देन्झोनं मक्याच्या पिठाची पोलेंता अर्धीच खाल्ली. "ताई, नाही आलो पाचांत तर?" असलं बोलणं माझ्या घरात चालत नाही, म्हटलं.

१४ मे, रविवार
चौथा! चौथा!! चौथा!!!

१५ मे
आज सगळं लिहिते.
देन्झो चौकात सहावा आला. ही धूळ, ही गर्दी! पुढचे पाच सही करून पसार. आणि हा वहीपुढं उभा. पेन्सिल हातात – आणि नुसता उभा! गुडघ्यातून रक्त. मी ओरडले, "अरे कर की! झोपलास का?" माझ्याकडे वळला. म्हणाला, "ताई…" ताईबिई काही नाही. पेन्सिल ओढली, 'गाउदेन्झियो झानेत्ता' असं त्याचं पूर्ण नाव लिहिलं, बखोटीला धरून सायकलवर बसवला आणि असा ढकलला की चर्चच्या कोपऱ्यापर्यंत पायडल मारावंच लागलं नसेल. वहीवाला तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी पाणी देत होता.
संध्याकाळी तार. चौथा!

१६ मे
धुण्याच्या हौदावर आज मीच राणी. धुवायला घेतलेल्या पाद्रीबाबांच्या चादरी राहिल्या बाजूला. पेन्सिल कशी ओढली, कसा ढकलला, सगळं करून दाखवलं. बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. एक अनोळखी बाई सगळ्यांत जास्त हसली.

२० मे
पत्र आलं. पंचांनी देन्झोचं नाव काढून टाकलं. सही दुसऱ्याच्या हातची, म्हणे! हौदावरची ती हसणारी बया मिलानला सहाव्या आलेल्या पोराची मावशी निघाली, तिनंच चुगली केली. आता तो पाचवा.
मी काय चुकले? नाव त्याचंच लिहिलं ना? माझं तर नाही लिहिलं! पाय त्याचेच होते.
देन्झो म्हणाला, "जाऊ दे, ताई." इतका शांत, की मलाच चीड आली. जाऊ कसं देऊ?

२३ मे
मिलानला जाऊन आले. काळा चांगला झगा घातला. कंपनीचा दारवान म्हणाला त्राबात्तोनीसाहेबांना वेळ नाही. मला आहे, म्हटलं, आणि जिन्यातच बसले. कारकून मला ओलांडून जात होते. तीन तासांनी बोलावलं.
"बाई, नियम म्हणजे नियम."
"नियम मोडला तो हातानं. तुम्ही कंपनीसाठी हात घेताय की पाय?"
हसले! म्हणाले, "तुम्हीच का नाही उतरत शर्यतीत?"
"मला धुणी असतात."
शेवटी म्हणाले, "बरं, सोमवारी पाठवा त्याला." जर्सी हातात दिली. हिरवीगार! आगगाडीत सगळ्या डब्याला दाखवली.

२४ मे
जर्सी टेबलावर ठेवली. देन्झोनं बोटसुद्धा लावलं नाही.
"त्या वहीपुढं मी शर्यत सोडली होती, ताई. पेन्सिल खाली ठेवणार, तेवढ्यात तू ओढलीस. पुढची शर्यत तू पळालीस."
"मग तेव्हाच बोलायचंस!"
"तेच बोलत होतो."
मी पुष्कळ बोलले. वाट्टेल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि "सोमवारी जाणार नाही" म्हणाला. आवाज चढवला नाही.

२९ मे, सोमवार
देन्झो भट्टीवर कामाला लागला. सकाळी चालत गेला. वळणापर्यंत शीळ घालत होता. त्याला शीळ घालता येते, मला माहीतच नव्हतं.