झाकायच्या ओळी

सोमवार, ४ ऑगस्ट २०१४

मी मराठीची मास्तरीण झाले! तेही सिंगापुरात, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात, एसीत बसून.

गोठवलेल्या मासळीच्या व्यापाऱ्याने आमच्या कंपनीवर दावा लावलाय. त्याच्या गोदामातला गारठा गेला, आमच्या सॉफ्टवेअरचा अलार्म वाजला नाही, सगळी मासळी कुजली. आता कोर्टाचा नियम — त्या कामाचे सगळे मेल शोधून समोरच्या पक्षाला द्यायचे. सोयीचे आणि गैरसोयीचेही! आमच्या वकीलबाई मिस लिम यांनी 'फेल्युअर', 'डिफेक्ट' असे शब्द टाकून पाहिले. आमच्या पुणेरी टोळीच्या मेलांत काही म्हणजे काही नाही. असेल कसं? आम्ही एकमेकांना मराठीत लिहितो, आणि मराठी माणसाचं सॉफ्टवेअर फेल होत नाही, त्याचा बोऱ्या वाजतो.

मग शोधायचे शब्द मीच दिले. घोळ, बोंब, बट्ट्याबोळ, वाट लागली, माती खाल्ली. "ईट सॉइल? व्हाय लाइक दॅट?" मिस लिम विचारत राहिल्या. हसून हसून पोट दुखलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

'बोंब'ला भरघोस पीक! निम्मं ऑफिसच्या कॉफीबद्दल.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज झोप येणार नाही. आनंदाने की भीतीने? दोन्ही!

अलार्मचं काम आमच्या टोळीतल्या पद्माकरचं. "त्याने मला आधी सांगायला नको?" असं आमचे बॉस विवेक सर सगळ्यांना ऐकवतायत. नोकरी गेली की त्याचा इथे राहायचा पासही जाणार, मग चंबूगबाळं आवरून पुण्याला. आज 'माती खाल्ली'ने त्याचा आमच्यातल्याच निशिकांतला लिहिलेला जुना मेल सापडला, गोदाम सुरू व्हायच्या आधीचा. 'अलार्म अजून कच्चा आहे. विवेकला परत परत सांगितलं, ऐकत नाही. उद्या माती खाल्ली की खापर माझ्या डोक्यावर.' सुटला बिचारा!

आणि त्याच्याच खाली — 'अनघाचं विचारतोस, तर ती समोर आली की मला धड बोलता येत नाही. फार आवडते रे. विचारायचं धाडस नाही.'

अनघा म्हणजे मी! ऑफिसात दुसरी अनघा नाहीच. हा माणूस माझ्याशी "जेवलीस का?"च्या पुढे बोलत नाही! आणि मी वेडी त्याच्यासाठी टेक्क्याच्या मंडईतून अळू आणून डब्यात चार वड्या जास्त नेते.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

विवेक सर मागे कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. मेल वाचला आणि मधाळ आवाजात — "खासगी आहे गं हे. उगाच तुझी चर्चा होईल. बाजूला ठेव ना." माझी केवढी काळजी! मोह झाला, खोटं कशाला बोलू. कोर्टात माझं नाव, तेही असं! पण हा मेल दडवला की पद्माकरचा बळी गेलाच. "सर, द्यावाच लागेल," म्हटलं आणि तडक मिस लिमकडे गेले.

अख्खा मेल इंग्रजीत सांगितला. "वाह, धिस अनघा इज यू, इज इट?" माझे कान तापले. मग त्या गंभीर झाल्या. मेल जाणारच. खासगी ओळींचा दाव्याशी संबंध नाही, त्या झाकता येतील. पण त्यात माझंच नाव, म्हणून ते मी ठरवायचं नाही. लिहिणाऱ्याला त्या विचारणार. तोवर मी त्याच्याशी अवाक्षर काढायचं नाही.

म्हणजे मी वाचलंय हे त्याला कळणार! देवा!

रविवार, १० ऑगस्ट

घराजवळच्या हौगांगच्या बाजारात उगीच दोनदा चक्कर मारली. घरी गाणी म्हणत फरशी पुसली. मैत्रिणीला सांगायचं नाही, आईला सांगायचं नाही. फुटेन मी!

मंगळवार, १२ ऑगस्ट

मिस लिमचा फोन. पद्माकरला विचारलं म्हणे. तो म्हणाला — एकही ओळ झाकू नका, सगळं खरं आहे.