तिसऱ्या वळणावरची माती

गडचिरोली
४ फेब्रुवारी २०२५

चि. रंजीता हिस,
भावाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू फोन उचलून नाई राह्यली, म्हणून कागद घेऊन बसलो. कागद तरी तुले मध्येच कापता येत नाई.

रविवारी जीपगाड्यांची शर्यत सुटायले अर्धा तास होता अन् मी नाई म्हटलं, हे खरं आहे. आयोजकांनी मले ट्रॅक तपासायले बोलावलं ते इंजिनियर म्हणून, तुझा भाऊ म्हणून नाई. तिसऱ्या वळणाले पाण्याची जुनी बोडी बुजवून माती टाकली आहे. सकाळी टँकरनं पाणी मारलं अन् माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. बाहेरच्या अंगाले टायरची एकच ओळ, अन् त्या टायरले टेकून माणसं बसलेली. मी म्हटलं, माणसं मागं हटवा, माती दाबा, दोन दिवस द्या. ते म्हणाले, पाहुणे निघाले आहेत, सही करा. मी केली नाई.

आठ महिने तू त्या जीपमागं खपली, हे मले माहीत नाई काय? पण साऱ्या गावापुढं हेल्मेट माझ्या पायाशी आपटून तू म्हणाली, बहीण पुढं चालली की याच्या पोटात दुखते. तेवढं लागलं.

आईले शुगरची गोळी वेळेवर दे. तूही जेव. रागावून उपाशी राहायची तुझी खोड शाळेपासूनची आहे.

माझ्याकडून राग नाई, तुझ्याकडून माया तुटू नाई.
तुझा भाऊ,
दिनेश


पोंभुर्णा
१२ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊस,
रंजीताचा सविनय जयभीम.

पत्र पोचलं. आई बरी आहे. मी जेवते.

आता जे लिहिते, ते तोंडानं सांगता आलं नसतं. शनिवारी सरावात त्याच वळणावर माझी जीप मागून घसरली अन् टायरले घासून थांबली. तिथं तेव्हा कोणी नव्हतं. मी उतरून पायानं माती सारखी केली अन् गप्प राह्यली. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईमाणूस, घाबरली.

रविवारी सुरुवातीच्या रेषेवरून मले आईची हिरवी साडी दिसली. तुले दिसली नसेल. ती तिसऱ्या वळणावर टायरले टेकून बसली होती. मी मनात म्हटलं, तिथं मी हळू घेईन. बाकीचे घेतील काय, हे मनात आलंच नाई. तू नाई म्हटलं, तेव्हा पहिले मले हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचाच राग आला. हेल्मेट आपटलं ते त्या रागात.

काल आयोजकांनी सगळ्या चालकांले बोलावलं होतं. तुझ्याविरुद्ध अर्ज लिहून ठेवला होता, फक्त सह्या पाहिजे होत्या. मी उभी राह्यली अन् घसरल्याचं सांगितलं. मग भामरागडचा लालसूभाऊ उठला. म्हणाला, माझीबी घसरली होती, मले वाटलं हात माझाच चुकला. मग आणखी दोघं तसंच म्हणाले. सहापैकी चार गाड्या घसरल्या होत्या, भाऊ, अन् चौघंही चूप. अर्जावर कोणीच सही केली नाई.

शर्यत यंदा होत नाई. त्याचं दुःख आहेच, खोटं कशाले लिहू?

आईले मी अजून यातलं काही सांगितलं नाई. ती शेजारणींले सांगत असते, की शर्यत पाहायले सगळ्यात चांगली जागा तिलेच भेटली होती. तू ये. तू जवळ असला की सांगीन.

चुकलं ते पोटात घाल, माया आटू देऊ नको.
तुझी धाकटी,
रंजीता