दोन काचा

नांदेड, ३ जून २०२५

सौ. अंबिकाताईस,
राजकन्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याकडे सगळं घर कान लावून असतं, म्हणून हे पत्र. आमच्या लॅबमध्ये नवं मशीन आलंय. गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी काचेवर पसरतात ना, त्या काचेचे ते फोटो काढतं आणि कॅन्सरच्या पेशींभोवती कॉम्प्युटर लाल गोल करतो. आईच्या छातीतल्या गाठीची काच तुझ्या कपाटात आहे, ती पाठव. लातूरच्या मन्मथ डॉक्टरने तीच काच बघून साधी गाठ म्हणून तिला घरी पाठवलं आणि वर्षाच्या आत आई गेली. महिनाअखेरीस तो इथे भाषणाला येतोय. भरल्या सभेत पडद्यावर आईची काच लावणार आहे. त्याचं तोंड काळं झालेलं मला बघायचंय.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती राखावी.

तुझी राजकन्या

उदगीर, ९ जून

चि. राजकन्यास अनेक आशीर्वाद.

काच माझे दीर हनुमंत यांच्यासोबत पाठवतेय, त्यांची कामासाठी नांदेडला ये-जा असतेच. लाडवांचा डबा तू आधी उघडशील, मला माहीत आहे. सभेत मला पुढच्या रांगेत बसव. आईचे शेवटचे दिवस मी काढलेत. त्या माणसाला सुखाने झोप लागते, याचाच मला संताप येतो.

सोबत दुसरी काच आहे, ती माझी. काखेजवळ गाठ लागली म्हणून लातूरला दुसऱ्या दवाखान्यात दाखवली. तिथेही आता मशीनच बघतं. साधी आहे म्हणाले. कुणाला बोलू नकोस. तुझ्या मशीनलाही एकदा विचार, म्हणजे मी निर्धास्त.

जपून राहा, लोभ असू दे.

तुझी ताई

नांदेड, १८ जून

ताईस सा. न.

मशीनने दोन्ही काचा साध्या ठरवल्या. आईचीसुद्धा! मी खवळले. चौकशी केली, तर फोटोंवर खुणा करून या मशीनला बरी-वाईट पेशी शिकवली ती मन्मथ डॉक्टरनेच. लातूरचं मशीनही हेच. आईच्या बारीक, एकसारख्या पेशी त्याला साध्या वाटल्या होत्या, तशा आता मशीनलाही वाटतात.

सभेची वाट बघितली नाही. काचा घेऊन थेट लातूर गाठलं, आई कशी गेली ते ऐकवलं आणि त्याला मायक्रोस्कोपशी बसवलं. आईची काच बघून तो चुकलो म्हणाला. ताई, खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. मग तुझी काच ठेवली. ही बाई अजून जिवंत आहे, नीट बघा, असं बजावलं. त्याने काच दोनदा फिरवून बघितली. तशाच पेशी आहेत म्हणाला.

गाठ लहान आहे, उपचार होईल, असं तो सांगतो. फोनवर सगळं घर ऐकेल, म्हणून हनुमंतरावांच्या हातीच हे देतेय. लगेच निघ. मला तू हवीस.

तुझी राजू

उदगीर, १९ जून

चि. राजूस आशीर्वाद.

घरी सांगितलं. माझ्याआधी हेच रडले. उद्या ऑपरेशनचं विचारायला लातूरला जातोय, तूही तिथेच ये.

सभेत तमाशा नको, लोक दोन दिवसांत विसरतात. आईच्या काचेवरून त्याने मशीनला पुन्हा शिकवावं आणि तोवर ते बंद ठेवावं, एवढं त्याच्या मानगुटीवर बसून करून घे. माफी मात्र मी देणार न्हाई. मी बरी होणार आणि दर तपासणीला त्याच्याचसमोर जाऊन बसणार. माझा चेहरा थेट आईवर गेलाय. जन्मभर बघू दे त्याला.

वाट बघते, माया कमी करू नकोस.

तुझी ताई