कडब्याच्या गंजीतली फडकी

प्रिय संगी,

तेरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज मळलेलं पीठ परातीत तसंच टाकून लिहायला बसलेय. कारण सांगू? माझ्या प्राजूला काल पाळी आली. सातवीत आहे. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा ती माझ्या पोटात होती, मी बाळंतपणाला माहेरी आलेली.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "सूनबाई, पोरीला जागा दाव. बापाच्या नजरंला काई पडू नये." जागा!

तुलाही जागा मीच दाखवली होती ना? सिरसाळ्याच्या घरी, गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत, पेंढ्या सारून. "हितं वाळत घालायचं, कुनाच्या बापाला कळायचं न्हाई," असं केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं! तिथं ऊन लागत नसे. फडकी दमट राहायची, खाज सुटायची, तू कुरकुरायचीस. मी म्हणायची, "बाईच्या जातीला एवढं चालायचंच." काय मोठी शहाणी होते मी!

त्या दिवशी शाळेत जायच्या आधी तू फडकं काढायला गंजीत हात घातलास आणि फुरसं चावलं. वीतभर साप! घरात मात्र सांगितलंस, बाभळीचा काटा मोडला.

हात सुजला. दुसऱ्या दिवशी अंगावरून रक्त पाण्यासारखं जायला लागलं. आई म्हणाली, "पयल्या वर्साला व्हतंय असं," आणि तुला कोपऱ्यात वेगळं बसवलं. वेगळ्या बसवलेल्या पोरीचा हात कोण हातात घेऊन बघणार?

दुपारी मी पाणी द्यायला आले तेव्हा तू हळूच म्हणालीस, "अक्के, काटा न्हाई, फुरसं व्हतं. आबांना सांगू नको. आदी फडकी काढ, न्हाईतर ते गंजी उपसतील."

संगी, पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आबा आणि काका गंजीजवळच दोऱ्या वळत बसले होते. मी ते उठायची वाट पाहत राहिले. दिवस कलेपर्यंत! ते उठून रानात गेले, मी फडकी काढली, उकिरड्यात पुरली आणि मग ओरडले, "संगीला गोठ्यात फुरसं चावलंय!" अंबाजोगाईला नेलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "फुरशाच्या विषानं रक्त थांबत नाही. दुपारी तरी आणायची होती."

तू तरी कशाला ऐकलंस माझं? मोठ्या बहिणीचं एकदा मोडायचं होतंस! रागावू नकोस. राग माझाच मला येतो.

आता काय बदललं, असं विचारशील. प्राजूच्या शाळेत पॅड आलेत. ते कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली सरांकडं. कोणती पोर जाऊन मागेल? संडासात पाणी नाही, म्हणून आज ती घरीच बसलीय. सकाळी मी हट्टानं तिची फडकी अंगणातल्या दोरीवर, उन्हात घातली. सासऱ्यांनी काठीनं खाली पाडली. यांनी नुसती मान फिरवली. मग ती उचलून सरपणामागं कुणी नेली? मीच! सासूबाई म्हणाल्या, "आता कसं शाण्यासारखं केलंस." माझ्या हयातीत हे बदलेल असं मला वाटत नाही गं.

घरात तुझा विषय निघाला की सगळे म्हणतात, गोठ्यात जनावर चावलं, नशीब पोरीचं. मीही मान डोलावते. प्राजूलाही तेवढंच ठाऊक आहे.

आज दिवेलागणीला तिच्या अगदी जवळ जाऊन बसेन. होऊ दे शिवाशिव. तिची मावशी कशापायी गप्प राहिली आणि मावशीच्या अक्कानं ती दुपार कशी घालवली, सगळं सांगेन. लाजेपायी गप्प बसू नकोस, मी बस म्हटलं तरी बसू नकोस, असंही सांगेन. वचन देते तुला. ऐकल्यावर ती मला आई म्हणेल की नाही, माहीत नाही. तरी सांगेन.

तुझी,
अक्का