मागची खोली आणि बंद पडलेले टीव्ही

मी, कुमारी चारुशीला विश्वनाथ पेंढारकर, बी.एस्सी., निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, राहणार धंतोली, नागपूर, हे लिहून ठेवते, कारण आमच्या घरातून गेलेल्या टीव्हीमुळे पार्वतीबाईंचा डावा डोळा गेला. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास भाऊ मधुसूदन यास विचारावे. त्याला ती फार खुपते.

पार्वतीबाई जुन्या वस्तूंवर भांडी देतात. मधुसूदनने बिघडलेला टीव्ही देऊन स्टीलचे दोन डबे घेतले. त्यांनी तांब्याच्या तारेसाठी पिक्चर ट्यूबवर हातोडा घातला. आत हवा नसते. घाव बसला की काच उडते. हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले, पण त्या दिवशी दारात उभी असूनही बोलले नाही. दवाखान्यात त्या म्हणाल्या, "बाई, तुमाले मालूम होतं, तं काहून नाही सांगतलं?"

मधुसूदन म्हणतो, "आक्का, वस्तू दिली की आपला संबंध संपला." मला तसे वाटत नाही. बंद पडलेला संच कुठे पाठवावा, असे मी कंपनीला विचारले. त्यांनी रंगीत टीव्हीचे माहितीपत्रक पाठवले. पुतणी उत्तराने माझ्या पश्चातही विचारत राहावे.

घर उत्तरास. मात्र मागची खोली, टेबल व हत्यारे आजपासून, पार्वतीबाई काम करतील तोवर त्यांची. घरातल्या कोणाचीही वीजवस्तू बंद पडल्यास त्याने ती स्वतः तिथे न्यावी आणि उघडताना शेजारी बसावे.

वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मधुसूदनला. १९५२ साली तो मी दुरुस्त केला, शाबासकी त्याला मिळाली. आता त्याने आत एकदा पाहावे.

खिडकीतल्या बरणीत जुन्या संचांतून काढलेले काळे कंडेन्सर आहेत. त्यांतल्या तेलात काय असते, मला अजून कळलेले नाही. फोडू नयेत. ज्याला कळेल त्याने झाकणावर लिहावे.

नागपूर, १४ फेब्रुवारी १९८८
सही: चारुशीला पेंढारकर
आमच्यादेखत सही केली. साक्षीदार: देवराव ठवकर, शेजारी, शरच्चंद्र बोकारे, रेडिओ दुरुस्ती, सदर बाजार

आज पार्वतीबाईंच्या ताब्यात दिले: खोलीची किल्ली, जाड काचेचा चष्मा, पकड आणि देवरावांचा बंद टीव्ही. तो मधुसूदनने कुरकुरत का होईना, स्वतः उचलून आणला व शेजारी बसला. ट्यूबच्या मागचे बारीक टोक मी दाखवले. चष्मा लावून, वर पोते टाकून पार्वतीबाईंनी ते पकडीने मोडले. हवा सूं करत आत गेली. काच जागेवर राहिली.

"इतकंच होतं काय, बाई?"

इतकेच होते.

मिळाले. अंगठा: पार्वतीबाई