कवितेच्या शिकवणीचे परमिट

अजमान (दुबईजवळ), रविवार दुपार

चि. प्रमिला,
तुझ्या दादाचे इतक्या लांबून भरभरून आशीर्वाद.

आज जाग आली ती आपल्या शाळेच्या घंटेने. शिपाई रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारायचा ना, तोच ठण्ण आवाज. स्वप्नच होते.

माझी तब्येत उत्तम. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

इमारतीतल्या पाच मुलांना कविता शिकवायचो, ते सध्या थांबवले आहे. इथे घरी शिकवायलाही सरकारी परवाना लागतो. सुजीत म्हणाला, "बाबा, परमिट येईपर्यंत क्लास खलास." नियम योग्यच आहे, कोणीही उठून मास्तर होऊ नये. अर्जाला माझे डी.एड.चे प्रमाणपत्र हवे. माळ्यावरच्या ट्रंकेत बघशील? वाळवी लागली असेल तर मात्र लगेच कळवू नकोस. छत्तीस वर्षे शिकवले, पण कागदावाचून मी कोण, असे उगीच वाटते.

थांब, दार वाजले.

खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे खैरुद्दीन आलेत. मुलांच्या गलक्याबद्दल सदा तक्रार करणारे हेच. दारातूनच म्हणतात, "काय मास्तर, दोन आठवडे आवाज नाय तो? शिकवू नका, पण एखादी कविता म्हणा तरी. मी ऐकायला आलोय."

त्यांना खुर्ची देतो.

तुझा,
दत्तूदादा